तासभर परतलेला कांदा

६ मार्च २०११, रविवार

आज मी खोटं बोलले आणि मला त्याचं काडीचंही वाईट वाटत नाही.

धाकटीने रविवारच्या रश्श्याची कृती विचारली. धाकटी म्हणजे माझी जाऊ, भाऊजींची बायको. घरात येऊन तिला सहा महिने झाले. विम्याच्या ऑफिसात नोकरी करते. अंडी उकडायला ठेवून फोनवर बोलत बसते आणि पाणी आटून अंडी फुटली की ‘अय्या’ म्हणते. सासूबाई हसतात. माझ्या पहिल्या महिन्यात डाळीत मीठ जास्त पडलं होतं, तेव्हा कोणी हसलं नव्हतं.

घरातली सगळी कामं मीच करते, पण नाव निघतं ते एकाच कामाचं. रविवारचा मटणाचा रस्सा. पाहुणे येतात ते रविवार बघून येतात. त्यातली सगळी करामत कांद्यात आहे. कांदा उभा चिरायचा, मंद आचेवर तासभर परतायचा, आणि त्या तासात शेगडी सोडून एक पाऊल हलायचं नाही. पिवळा, मग गुलाबी, मग तांबडा, आणि आता करपणार असं वाटतं तेव्हा मटण टाकायचं. लग्नानंतरच्या पहिल्याच रविवारी सासूबाईंनी मला शेगडीपाशी उभं करून हे शिकवलं. तेव्हापासून माझे रविवार तिथेच जातात. बाहेरच्या खोलीत हे पेपर वाचत असतात, शेजारी सासूबाई बसलेल्या असतात, आणि त्यांच्या हसण्या-बोलण्याचे तुकडे मला कांद्याच्या चुरचुरीतून ऐकू येतात.

तर धाकटी म्हणाली, “ताई, मलाही शिकवा ना रस्सा.”

घरातला एवढा एक कोपरा माझा होता, तोही हिला हवा.

मी म्हटलं, “अगं, त्यात शिकवण्यासारखं काय आहे? सगळं एकदम कुकरमध्ये टाकायचं. मटण, कांदा, लसूण, मिरी, दालचिनी, मीठ. झाकण लावायचं, चार शिट्ट्या घ्यायच्या. झालं.”

“कांदा परतायचा नाही?”

“छे. कच्चाच टाकायचा.”

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग माझा हात धरून म्हणाली, “ताई, तुम्ही किती चांगल्या आहात हो.” घ्या! दर रविवारी घरभर कांद्याचा वास सुटलेला असतो, तो हिच्या नाकापर्यंत जात नसेल का? बाराही महिने सर्दी असते म्हणा तिला. आता एकदा करून बघेल, पचका होईल, आणि परत त्या वाटेला जायची नाही.

१३ मार्च २०११, रविवार

मी मुद्दाम सकाळीच माहेरी गेले. संध्याकाळी परत आले तर कुकर घासूनपुसून पालथा घातलेला. म्हणजे उरलं नाही. लेकीला विचारलं. नऊ वर्षांची पोर, तिला काय कळतंय. म्हणाली, “काकूने दोनदा वाढलं मला.” सासूबाईंना विचारलं, तर त्या नुसत्या हसल्या. काय झालं विचारलं तर म्हणाल्या, “काही नाही गं.” ह्यांना विचारलं. म्हणाले, “वेगळा होता. पण बरा होता.”

बरा होता! कच्च्या कांद्याचा, पांढराफटक, सगळं एकत्र कोंबलेला रस्सा बरा होता! मला चव बघायला एक वाटी काढून ठेवली होती म्हणे. मी भांडं उघडलंसुद्धा नाही.

२१ नोव्हेंबर २०१२

धाकटीने मायक्रोवेव्ह आणला. तो ओट्यावर बसला, आणि माझा पाटा-वरवंटा बाल्कनीत गेला. यंत्राबद्दल माझी तक्रार नाही. पण तेव्हापासून या घरात आठचं जेवण राहिलं नाही. पूर्वी आठ वाजले की सगळे टेबलाशी यायचे, कारण गरम अन्न एकदाच मिळायचं. आता भाऊजी साडेनऊला येतात, वाटी आत ठेवतात, ‘टिंग’ झालं की उभ्यानेच खातात. हे टीव्हीपुढे ताट घेऊन बसतात. लेक अभ्यासाच्या टेबलावर. पोळी-भाताची, भाजीची, सगळ्याची आपापली वाटी, आपापली वेळ. मी केलेलंच सगळे खातात, पण मी वाढत नाही. वाढणारी बाई आणि स्वयंपाक करणारी बाई यांत फरक असतो, हे मला आजपर्यंत माहीत नव्हतं.

शेजारणीकडे तर परवा तयार जेवण आलं. एक माणूस मोटरसायकलवरून डबे देऊन गेला. घरात कोणी आजारी नाही, कोणी गेलेलं नाही, आणि बाहेरून जेवण! मी दारातून बघत होते. ती आपली खुशाल हसत होती.

९ फेब्रुवारी २०१४, रविवार

ह्यांना साखर निघाली. डॉक्टरांनी भात कमी करायला सांगितला, तेल कमी, बटाटा बंद. मी आठवडाभर रडत होते. धाकटी रडली नाही. तिने कुठूनतरी वाचून काढलं आणि एका बरणीत कसल्याकसल्या बिया, एका डब्यात चिरलेल्या काकड्या, आणि उकडलेल्या कडधान्याची वाटी असं सगळं मांडून ठेवलं. “दादा, भूक लागली की यातलं खायचं हं.” हे खातात. गुपचूप, गुणी मुलासारखे खातात. अठरा वर्षं मी ह्यांना कोबी खा म्हणून सांगतेय.

आजही रस्सा केला. तासभर कांदा परतला. ह्यांनी वाटीत वरची तर्री बाजूला केली आणि म्हणाले, “तेल जरा जास्त वाटतंय गं.” धाकटी पटकन म्हणाली, “ताईंच्या रश्श्याला तेल लागणारच, दादा. तुम्ही एक दिवस खा.”

माझी बाजू घ्यायला तिला कोणी सांगितलं होतं?

१७ ऑगस्ट २०१५

एक गोष्ट कानावर आली. विम्याच्या ऑफिसातल्या सगळ्या बायका तो रस्सा करतात. माझ्या खोट्याचा रस्सा. त्यांनी त्याला नावही ठेवलंय, ‘सगळं एकदम’. संध्याकाळी घरी गेल्यावर कुकर लावायचा, आंघोळ करून यायचं, जेवायला बसायचं. एकीची सासू म्हणे तिच्याशी दोन वर्षं बोलत नव्हती, ती या रश्श्यावर बोलायला लागली.

मला हसू यायला हवं होतं. मी दात-ओठ खात भाजी निवडली.

३ जुलै २०१६, रविवार

धाकटीला आता दोन वर्षांचा मुलगा आहे आणि नोकरी सोडल्यापासून ती फोनपुढे स्वयंपाक करते. भाऊजी फोन धरतात. आज सकाळी माझ्या ओट्यावर, माझ्या कुकरमध्ये, ती जगाला ‘सगळं एकदम’ करून दाखवत होती. मी आतल्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होते, पण दार किलकिलं ठेवलं होतं.

ती म्हणाली, “ही कृती माझ्या मोठ्या जाऊबाईंची. त्या स्वतः तासभर कांदा परततात. त्यांच्या हाताला तोडच नाही. पण तेव्हा मी नोकरीवाली, मला काही येत नव्हतं, तर त्यांनी खास माझ्यासाठी ही सोपी पद्धत काढून दिली. इतका विचार सख्खी बहीण तरी करते का?”

म्हणजे सर्दी नव्हती तर! तिला सगळं ठाऊक होतं आणि पाच वर्षं तोंडातून अक्षर काढलं नाही. आणि आता टोमणा मारतेय तोही असा गोड, चारचौघांत, की मला उलट बोलायची सोय नाही. किती पोहोचलेली आहे! मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. तिने विचारलं, “ताई, बरं नाही का?” आणि आल्याचा चहा करून आणला. त्या चहातही मला टोमणाच लागला.

२५ जुलै २०१६

लेकीने दाखवलं. ते चित्रण एवढ्या लोकांनी पाहिलंय की मला त्या आकड्यातली शून्यं मोजता आली नाहीत. खाली लोकांनी लिहिलंय. ‘तुमच्या जाऊबाईंना नमस्कार सांगा.’ ‘अशी जाऊ सगळ्यांना मिळो.’

लेक म्हणाली, “आई, तू फेमस झालीस!”

मी म्हटलं, “ताटात घे आधी, गार होतंय.” ती ताटाचा फोटो काढत होती. हल्ली देवाला दाखवावं तसं आधी फोनला दाखवतात.

२ सप्टेंबर २०१८, रविवार

खाटकाकडे गेले होते. बावीस वर्षांचं गिऱ्हाईक मी. मी पायरी चढले की तो न विचारता हाडासकट खांद्याचं तोडायला घ्यायचा. आज मान वर करून म्हणाला, “बोला ताई, ‘सगळं एकदम’साठी देऊ ना? बारीक तुकडे, बिनहाडाचं?”

“का? मी काय नवशिकी वाटले?”

“तसं नाही हो. आता सगळे तेच मागतात. हाडाचं कोणी नेत नाही. शिजायला वेळ लागतो म्हणतात.” आणि सुरा पुसत पुढे म्हणाला, “त्या रश्श्याने आमचं भलं केलं बघा. पूर्वी लोक सणासुदीला मटण करायचे. आता कामावरून येताना नेतात. कोणा बाईने काढलंय म्हणे, देव तिचं भलं करो.”

मी पिशवी हिसकावून घेतली.

दुकानात त्याचं पाकीटही आलंय. फाडायचं, टाकायचं, कुकर लावायचा. लाल पाकीट, वर हसणारी बाई. धाकटी नव्हे, कुठलीतरी दुसरीच. धाकटीला कोणी विचारलंही नाही. मला वाटलं ती चिडेल, म्हणून मोठ्या आशेने तिला पाकीट नेऊन दाखवलं. तर ती म्हणाली, “चला, बरं झालं, कोणाची तरी संध्याकाळ सुटेल.”

असा कसा स्वभाव असतो लोकांचा? नाटकच असणार.

१९ मे २०१९

गिरणीवाल्याने मसाल्याची गिरणी बंद केली. आमच्या मजल्यावर नवीन जोडपं आलंय. त्यांच्या घरात गॅसच नाही, विजेवर तापणारी एक काळी काच आहे आणि तिच्यावर किटली. मी सहज विचारलं, “जेवता काय?” ती मुलगी म्हणाली, “येतं ना, काकू.” येतं! पाऊस येतो तसं.

तिच्याकडे बघून मला क्षणभर बरं वाटलं. म्हटलं, ही तरी धाकटीचं काही करत नसेल. तेवढ्यात ती म्हणाली, “रविवारी मात्र आम्ही घरी करतो. एक ‘सगळं एकदम’ म्हणून आहे, एकदम सोप्पं. तुम्हाला शिकवू का?”

१२ एप्रिल २०२०, रविवार

सगळ्या देशाला घरात बसवलंय. रस्ते ओस. बाहेरचं जेवण बंद, डबे बंद, ऑफिसं बंद. आणि आमच्या घरात आठ वर्षांनी सगळे पुन्हा एका टेबलाशी आठला बसतात. मी वाढते. हे मला फार आवडतंय, आणि बाहेर माणसं आजारी पडत असताना ते आवडावं याची मला लाजही वाटते.

पण सुख कसं लागू द्यायचं? सगळा देश स्वयंपाकघरात शिरलाय आणि हातात धाकटीचा फोन धरून शिरलाय. ज्या पुरुषांनी कधी चहा गाळला नाही, ते तिला विचारतात, ‘मॅडम, चार शिट्ट्या की पाच?’ आमचे हेसुद्धा सकाळी तिच्या चित्रणाखाली लोकांनी लिहिलेलं मोठ्याने वाचून दाखवतात. आणि सासूबाई म्हणतात, “वाच, वाच, अजून वाच.” त्या खूप म्हाताऱ्या झाल्यात आता, ऐकायलाही कमी येतं, पण हे बरं ऐकू येतं.

माझ्या रश्श्याबद्दल आज कोणी चकार शब्द काढला नाही. संपला मात्र सगळा.

१४ जानेवारी २०२१

लेक दुसऱ्या शहरात शिकायला चाललीय. एकोणीस वर्षांची झाली. तिला म्हटलं, “रस्सा शिकून घे. दोन रविवारांत हात बसेल.”

तिने माझ्या गळ्यात हात टाकले. “आई गं, तासभर कोण उभं राहणार? मला काकूचा येतो की.”

मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि रडले. माझ्या पोटची पोर, आणि ती बरोबर काय घेऊन जाणार, तर मी रागाच्या भरात मारलेली थाप. मी ज्या रविवारी ते खोटं बोलले, त्याच रविवारी स्वतःच्या हाताने घर धाकटीच्या पदरात टाकलं. खरा रस्सा माझ्याबरोबर संपणार. तो खरा होता हे सांगायलासुद्धा कोणी उरणार नाही. एक सासूबाई सोडून.

८ ऑगस्ट २०२१

सासूबाई जेवत नाहीत. दूध दोन घोट, बाकी मान फिरवतात. तोंडाला चव नाही म्हणतात. डॉक्टर म्हणाले, आता पथ्य नको, मागतील ते द्या.

१९ ऑगस्ट २०२१

आज सासूबाई स्वतःहून म्हणाल्या, “रस्सा खावासा वाटतो.”

धाकटी आणि मी दोघी पलंगाशी होतो. दोघींनीही एकदमच म्हटलं, “मी करते.” मग ती म्हणाली, “नाही, ताई, तुम्हीच करा. तुमचाच खरा.” दुसरं कोणी असतं तर विषय तिथेच संपवला असता. पण दहा वर्षं माझ्या मनात जे जळतंय, ते मला गप्प बसू देईना. मी म्हटलं, “दोघी करू. आईंना आवडेल तो त्या खातील.”

कोणाचा कुठला ते सांगायचं नाही असं मी ठरवलंय. या घरात तो रस्सा मुळात कसा होता हे माहीत असलेली एकच जीभ उरलीय. तिने एकदा निकाल द्यावा. बाकी सगळ्या जगाने धाकटीचा खाल्ला तरी चालेल, पण सासूबाईंनी म्हणावं की हा, हाच आपला. एवढं झालं तर मी पुन्हा कधी कुरकुर करणार नाही. शपथ.

२२ ऑगस्ट २०२१, रविवार

नीट लिहिते, नाहीतर माझाच विश्वास बसणार नाही.

मी सात वाजल्यापासून शेगडीपाशी होते. इतका सुंदर कांदा माझ्या हातून आजवर उतरला नव्हता. धाकटीने साडेआठला कुकर लावला आणि मुलाचे केस विंचरायला गेली.

सारख्या दोन वाट्या भरल्या, ट्रेमध्ये ठेवल्या, सासूबाईंच्या पाठीला उश्या लावल्या. हे पायथ्याशी उभे होते. मी माझ्या वाटीतला पहिला चमचा दिला. त्यांनी तोंडात घोळवला, गिळला आणि म्हणाल्या, “छान झालाय.” माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. मग धाकटीच्या वाटीतला दिला. त्यांनी डोळे मिटले. बराच वेळ उघडले नाहीत. मला वाटलं ठसका लागला.

“हा,” त्या म्हणाल्या. “माझी आई असाच करायची.”

मी वाटी त्यांच्या डोळ्यांपुढे धरली. “आई, नीट बघा. हा धाकटीचा आहे. कांदा न परतलेला.”

“हो मग? कांदा कोण परततं? आम्ही आठ भावंडं. आईला तासभर शेगडीपाशी उभं राहायला सवड होती होय? सगळं भांड्यात टाकायची, वर झाकण ठेवायची नि कामाला जायची.”

“मग मला का सांगितलंत परतायला?”

त्यांनी आधी ह्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि तोंडाला पदर लावून लहान मुलीसारख्या हसायला लागल्या. हसता हसता खोकल्या. धाकटीने पाणी दिलं.

“अगं, तू नवीन आलीस तेव्हा हा कारखान्यात जायचा. अंधारात जायचा, अंधारात यायचा. आठवड्यातून एक दिवस मला दिसायचा. आणि त्या दिवशी तू समोर असलीस की याचं माझ्याकडे लक्षच नसायचं. नुसता तुझ्याकडे बघत बसायचा, मी काय बोलतेय त्याला हूं नाही की चूं नाही. म्हटलं, हिला कुठेतरी उभं करावं तासभर.” आणि दम घेऊन त्या पुढे म्हणाल्या, “दोन-चार रविवारांत सांगणारच होते. पण तुझा रस्सा माझ्या आईपेक्षा चांगला व्हायला लागला. मग कशी सांगू? दे, अजून दे.”

मी विचारलं, “कुठला?”

“कुठलाही दे गं.”

त्यांनी दोन्ही वाट्या संपवल्या. हे खिडकीबाहेर बघत होते. त्यांचे कान लाल झाले होते.

स्वयंपाकघरात धाकटी हळूच म्हणाली, “म्हणजे ताई, तुम्ही मला दिलीत तीच मुळातली निघाली.” तिच्या चेहऱ्याकडे मी निरखून बघितलं. टोमणा शोधला. सापडला नाही. मग आठवलं की तो मला कधीच सापडला नव्हता, मी नुसता आहे असं धरून चालले होते. मी वाटी घासत राहिले. मग कुकरमध्ये बोट बुडवलं आणि चाखलं. पहिल्यांदाच.

चांगला आहे. छातीवर हात ठेवून लिहिते, चांगला आहे.

पण रात्री अंथरुणावर पडल्यावर डोकं तिथेच फिरत राहिलं. दहा वर्षं मी धाकटीचा हेवा केला. चुकीच्या बाईचा केला. तिने माझं काय नेलं? एक कृती, तीही मीच दिलेली. माझे रविवार नेले ते पलीकडच्या खोलीत घोरत असलेल्या म्हातारीने. पंचवीस वर्षं ती ह्यांच्या शेजारी बसली आणि मी भिंतीपलीकडून ह्यांचं हसणं ऐकलं. राग येतो. इतका येतो की उठून जावं आणि तिला हलवून जागं करावं. आणि तिने दोन वाट्या खाल्ल्या म्हणून बरंही वाटतं.

२९ ऑगस्ट २०२१, रविवार

आज मी शेगडी पेटवली नाही. आंघोळ केली, धुतलेली साडी नेसले आणि बाहेरच्या खोलीत जाऊन सोफ्यावर ह्यांच्या शेजारी बसले.

ह्यांनी पेपरातून डोकं काढलं. “काय गं? काय संपलं? आणू का?”

“काही नाही. बसलेय.”

“बरं.” त्यांनी पेपर वाचल्यासारखं केलं. पान उलटलं, पुन्हा मागे आणलं. मी पंखा बघितला, भिंतीवरचं घड्याळ बघितलं. इतक्या वर्षांत रविवारी सकाळी ही खोली कशी दिसते हे मला माहीत नव्हतं. उन्हाचा पट्टा ह्यांच्या पायांपर्यंत येतो.

मग ते म्हणाले, “मी पहिली काही वर्षं वाट बघायचो. वाटायचं, आता कांदा झाला असेल, आता येशील.”

“मग हाक का नाही मारलीत?”

“आई म्हणायची, हलवू नकोस तिला, करपेल.”

मग तेच म्हणाले, “पण आज वासच नाही घरात. रविवारसारखं वाटत नाही.”

“मग परता तुम्ही कांदा.”

मला वाटलं हसतील. ते उठले, पेपरची घडी घातली आणि खरंच आत गेले. आतून विचारलं, “किती वेळ परतायचा?”

“तासभर. शेगडी सोडून हलायचं नाही.”

मी सोफ्यावर पाय वर घेऊन ऐटीत बसले. दर दोन मिनिटांनी आतून आवाज यायचा, “झाला का बघतेस?” आणि मी बसल्या जागेवरून सांगायचे, “नाही.” सासूबाईंनी त्यांच्या खोलीतून विचारलं, “तो कुठे गेला गं?” मी म्हटलं, “शेगडीपाशी उभा केलाय.”

थोड्या वेळाने स्वयंपाकघरातून हसण्याचा आवाज आला. ह्यांचा आणि धाकटीचा. ती कधी आत गेली मला कळलंच नाही. “अहो दादा, उलथनं असं नाही, असं धरा,” ती सांगत होती आणि हे मोठ्याने हसत होते. कांदा चुरचुरत होता. मी ऐकत होते.

अर्धा मिनिटभर ऐकलं असेल. मग तडक उठले, आत गेले, धाकटीच्या हातातून उलथनं काढून घेतलं आणि म्हटलं, “तू बस जा बाहेर. पेपर वाच.” ती माझ्याकडे बघून हसली आणि गेली.

उरलेला कांदा आम्ही दोघांनी मिळून परतला. जागा अपुरी होती, ह्यांचा कोपर सारखा मला लागत होता. कांदा एका बाजूने करपला. तरी त्यातच मटण टाकलं.